आधी आंबे, मग देश

चाळिशी-पन्नाशीतल्या कुणाही माणसासमोर नुसतं 'एक चिड़िया' म्हणून थांबून बघा. बँकेच्या काउंटरपलीकडचा असो की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला, तो पुढचे दोन शब्द म्हणतोच, आणि तेही सुरात. मग त्याला विचारा, ही फिल्म केली कुणी? 'दूरदर्शनची होती ना, लहानपणी लागायची,' यापलीकडे गाडी सरकत नाही. इतक्या लोकांना इतकी पाठ असलेली आणि तरीही इतकी कमी पाहिलेली दुसरी फिल्म माझ्या तरी माहितीत नाही.

तिचं खरं नाव 'एक अनेक और एकता'. १९७४ सालची, जेमतेम सात मिनिटांची, फिल्म्स डिव्हिजनने लोकांपुढे आणलेली. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला होता. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रं आणि ॲनिमेशन भीमसेन खुराणा यांचं, संगीत वसंत देसाई यांचं, आणि आवाज ज्या चिमुरडीचा, ती पुढे साधना सरगम या नावाने अख्ख्या देशाला माहीत झाली. चौघांतले तिघे मराठी. भीमसेन फाळणीआधीच्या मुलतानचे, पण त्यांचंही कामाचं आयुष्य मुंबईतच गेलं. एवढं असून आपल्याकडे ॲनिमेशनचा विषय निघाला की गप्पा डिस्नेवर नाहीतर थेट जपानवर जातात, आणि ही फिल्म 'नॉस्टॅल्जिया'च्या खात्यात जमा होते. त्या खात्यात गेलेल्या गोष्टीकडे मग कुणी नीट बघत नाही. नुसता उसासा सोडतात.

आमच्याकडे टीव्ही आला तो काळा-पांढरा, लाकडी शटरचा. कौलांवरच्या अँटेनाला वारा लागला की पडद्यावर मुंग्या यायच्या. ही फिल्म कार्यक्रमपत्रिकेत कधी वाचल्याचं मला आठवत नाही. दोन कार्यक्रमांच्या मधे फट पडली, कुठे 'व्यत्यय' आला, की ती बुजवायला लावत असावेत. त्यामुळे ती अमुक वाजता बघायची असं नसायचं, ती सापडायची. ताई बाहेरच्या खोलीतून ओरडायची, "लागलं गं, ये लवकर!" मी हातातलं टाकून धावत यायची, तोवर खारी येऊन गेलेल्या असायच्या. अगणित वेळा पाहिली, पण सुरुवात कधी मिळालीच नाही.

आता इतक्या वर्षांनी ती अख्खी पाहायला मिळाली, त्याला कारण आमची सोसायटी. इमारत जुनी, पुनर्विकासाची बोलणी सुरू, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर कार्पेट एरिया, कॉर्पस फंड आणि पार्किंग यांवरून रोज जुंपलेली. तळमजल्यावरच्या दुकानदारांचं एक म्हणणं, वरच्यांचं दुसरं, घर भाड्याने देऊन बाहेरगावी राहणाऱ्यांचं तिसरंच. अशात कुणीतरी ही फिल्म टाकली आणि खाली हात जोडल्याचं चिन्ह. त्यावर दोन-तीन अंगठे आले आणि पुढचा निरोप परत पार्किंगचा. मी मात्र कुकर लावता लावता ती बघायला घेतली आणि शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

आधी दचकले ते रंगांनी. माझ्या डोक्यातली फिल्म राखाडी होती, आणि राखाडीच छान होती. मग सुरुवात आली, जी मला नवीनच होती.

लहानगा विचारतो, दीदी, अनेक म्हणजे काय? दीदी म्हणते, बघ, सूर्य एक, चंद्र एक, तारे अनेक. पोरगा लगेच निष्कर्ष काढतो: म्हणजे ताऱ्यांना अनेकसुद्धा म्हणतात! लहानपणी हे ऐकलं असतं तर मी हसले असते. आता वाटलं, त्याचं चुकलं काय? एकच उदाहरण दिलंत, त्यातून त्याने जो नियम निघतो तो काढला. कुत्रा दाखवून 'भू भू' शिकवलेलं मूल गाईलाही 'भू भू' म्हणतं, तसलाच हा प्रकार. दीदी त्याला 'अरे वेड्या' म्हणत नाही. नाही नाही, परत बघ, म्हणते आणि तीच गोष्ट थोडी हळू सांगते, एक-एक-एक करत. तरीही त्याला कळत नाही आणि तो तसं सांगतो: नीट समजावून सांग ना! मग ती आकाश सोडून खाली येते. आधी एक खार, तिच्यामागे पुष्कळ खारी. एक फुलपाखरू, अजून एक, अजून एक. आणि इथे त्याची पेटते. तो स्वतःचं उदाहरण देतो: एक बोट, अनेक बोटं. दीदीने बोटं दाखवलेली नसतात. त्याने ती स्वतःच्या हाताला शोधलेली असतात.

कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, तिथे व्याख्या आधी असते आणि उदाहरणं मागून. मुलाला काय कळलं नाही ते बोलायला तर जागाच नसते. इथे त्याचा घोळही फिल्ममध्ये ठेवलाय, तोही टिंगल न करता, आणि ते गाण्याच्या ठेक्यात असं बसवलंय की हा शिकवण्याचा तास चाललाय अशी शंकासुद्धा येत नाही. शिकवणारी आई नाही, बाई नाही, दीदी आहे. चार-पाच वर्षांनी मोठी मुलगी लहान भावंडांना जसं सांगते तसं. घरात ताई असलेल्यांना वेगळं सांगायला नको; आपल्याला अर्ध्याअधिक गोष्टी तशाच कळल्या.

मग विजया मुळे कोण, हे वाचत गेले आणि हा सुरुवातीचा भाग कुठून आला याचा अंदाज आला. जन्म १९२१ चा, मुंबईतला. लग्नानंतर पाटण्याला गेल्या. पुढे शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडात लीड्सला शिक्षणशास्त्र शिकल्या आणि तिथेच सिनेमाकडे गंभीरपणे बघायची सवय लागली. परत येऊन पाटण्यात फिल्म सोसायटीच्या कामात पडल्या. केंद्राच्या शिक्षण खात्यात अधिकारी, मग सेन्सॉर बोर्डात. १९५९ साली देशभरच्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला, सत्यजित राय त्याचे अध्यक्ष, त्या उभारणीतही मुळे होत्या. सिनेमाच्या वर्तुळात त्यांना सगळे 'अक्का' म्हणत. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या, हे सांगितलं की लोकांच्या डोक्यात प्रकाश पडतो. खरं तर ओळख उलट्या बाजूने व्हायला हवी. २०१९ मध्ये अक्का गेल्या, तेव्हा बातम्यांचे मथळे 'एक चिड़िया'वरच बेतलेले होते, आणि ते एका अर्थी बरोबरही होतं.

एक बाई जिला मुलं कशी शिकतात हे माहीत आहे आणि सिनेमा कसा चालतो हेही माहीत आहे. आपल्याकडे ही दोन माणसं बहुधा वेगवेगळ्या कचेऱ्यांत बसलेली असतात आणि मधून फाइल फिरते.

चित्रांकडे मी या खेपेस मुद्दाम आवाज बंद करून पाहिलं. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर सात मिनिटांच्या १०,०८० होतात. एक चित्र दोन चौकटींपुरतं वापरायचं ठरवलं तरी पाच हजारांवर चित्रं, आणि काळ सेल्युलॉइडच्या तावांवर हाताने रंगवण्याचा. अशा कामात सगळ्यात महाग काय, तर घोळका. एक चिमणी उडवणं सोपं. पन्नास उडवायच्या म्हटलं की पन्नास पंख, पन्नास दिशा. पैसे आणि हात दोन्ही मोजके असले की ॲनिमेशनवाले एका पक्ष्याच्या पंखांची काही मोजकी चित्रं काढून तीच पुनःपुन्हा फिरवतात, जागा आणि वेळ थोडी पुढेमागे करून, आणि डोळ्याला थवा दिसतो. म्हणजे फिल्मचा विषय आणि ती करण्याची रीत एकच: एकाचे एक-एक करत अनेक. हे कुणी ठरवून केलं असेल असं नाही, पण बघताना मजा वाटते. आणि एवढ्या थोड्या रेषांत चिमण्या घाबरलेल्या कळतात, दाण्यावर भुललेल्या कळतात. आजकालच्या लहान मुलांच्या व्हिडिओंत प्रत्येक पिसाला चमक असते आणि कुठल्याच पक्ष्याला स्वभाव नसतो.

भीमसेन लखनौला वाढले. चित्रकला आणि संगीत दोन्हींचं शिक्षण घेतलेले. १९६१ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वभूमी रंगवायच्या कामाला लागले. त्या कार्टून विभागाचा पाया १९५६ मध्ये डिस्नेकडून आलेल्या क्लेअर वीक्स यांनी घालून दिलेला. गंमत म्हणजे अमेरिकन गुरूच्या हाताखाली त्या विभागाने पहिली फिल्म केली ती जातककथेवर, हरणांची. पुढे भीमसेन स्वतंत्र झाले आणि 'द क्लाइम्ब' या त्यांच्या छोट्या फिल्मला शिकागोच्या महोत्सवात पारितोषिक मिळालं. आणि १९७७ चा 'घरौंदा'! तोही त्यांचाच. मुंबईत डोक्यावर छप्पर शोधणारं जोडपं आणि पैसे घेऊन पसार होणारा बिल्डर. चिमण्या जाळ्यासकट उडवणाऱ्या माणसाने तीनच वर्षांनी ही गोष्ट सांगावी आणि मी त्या चिमण्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या ग्रुपवर बघाव्यात, याला काय म्हणायचं?

तर चिमण्या. दाणे टिपायला उतरतात, व्याधाने जाळं पसरलेलं असतं, अडकतात. पोरं मधेच विचारतात, व्याध म्हणजे कोण? मग काय झालं? त्याने मारून टाकलं? हे प्रश्न अगदी खरे आहेत. लहान मुलं मरणाचा प्रश्न असाच विचारतात, डोळे मोठे करून आणि उत्तर ऐकायला उत्सुक. मग एक-दोन-तीन, आणि चिमण्या जाळ्यासकट आकाशात.

ही गोष्ट आपल्याला कबुतरांची म्हणून माहीत असते. पंचतंत्रातली, हितोपदेशातली. तिथे कबुतरांचा राजा आहे, चित्रग्रीव. उडायची युक्ती त्याची. तोच सगळ्यांना आपला मित्र हिरण्यक या उंदराकडे नेतो. उंदीर आधी राजाचे पाश तोडायला निघतो तर चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या माणसांचे तोड. राजाने कसं वागावं याचा तो वस्तुपाठ आहे आणि राजपुत्रांना शिकवायच्या ग्रंथात तो शोभतोही. फिल्मने काय केलं, तर राजाच काढून टाकला. चतुर चिमणी, शहाणी चिमणी, सगळ्या मिळून. उडायचा हुकूम कुणी देत नाही, फक्त आकडे मोजले जातात. लहानपणी मला हे जाणवायचं कारणच नव्हतं. आता जाणवलं आणि साल आठवलं. १९७४. मे महिन्यात रेल्वेचा संप आणि त्याच महिन्यात पोखरणची चाचणी. बिहारात जयप्रकाशांचं आंदोलन पेटलेलं, पुढच्या जूनमध्ये आणीबाणी. सगळा देश एका नेत्याच्या बाजूने की विरोधात एवढ्याच प्रश्नाभोवती फिरत असताना सरकारी पैशातून निघालेल्या मुलांच्या फिल्ममध्ये थव्याला पुढारी नाही. निदान गोष्टीच्या भागात तरी ना नेता, ना सैनिक, ना भाषण.

यात मुद्दाम काही केलं असेल असा दावा मी करत नाही. सात मिनिटांत राजा बसवायला जागा नसेल, इतकं साधंही कारण असू शकेल. पण कलाकृती काय सांगते हे तिच्यात काय आहे आणि काय नाही यावरून ठरतं. करणाऱ्याच्या मनात काय होतं यावरून नव्हे.

खरी मेख पुढे आहे, उंदरांपाशी. चिमण्यांच्या एकीने काय होतं? त्या उडतात, पण जाळं अंगावर घेऊनच. सुटत नाहीत. कितीही एकजूट केली तरी चोचीने ते जाळं तुटलं नसतं. लांब कुठल्याशा गावाजवळ त्यांचे मित्र राहतात, ते उंदीर आहेत म्हणून सुटतात. उडता न येणारे, बिळात राहणारे, चिमण्यांशी काहीएक साम्य नसलेले, पण दात असलेले. आणि ही मैत्री जाळं पडायच्या आधीपासूनची आहे. संकटात सापडल्यावर त्यांनी उंदरांचा पत्ता शोधलेला नाही.

'एकीचे बळ' म्हणून आपण ही गोष्ट सांगतो तेव्हा हा अर्धा भाग शेपटासारखा मागे लोंबत राहतो. सारख्यासारख्यांची एकी ही या गोष्टीत निम्मी मजल आहे, उरलेली निम्मी आपल्याहून वेगळ्यांच्या भरवशावर. फिल्ममधली दीदी मात्र इथे घाई करते. बघितलंत, अनेकांचे एक झाले की कशी मजा येते, असं म्हणून मोकळी होते आणि उंदरांना श्रेय मिळत नाही. माझ्या मते तिथे तिने थोडं थांबायला हवं होतं. (आमच्या सोसायटीत उंदीर कोण, हा प्रश्न मी ग्रुपवर विचारला नाही. विचारला असता तर भलतंच महाभारत झालं असतं.)

महाभारतातही हे जाळं आहेच. उद्योगपर्वात विदुर सांगतो: दोन पक्षी जाळ्यात सापडले आणि ते जाळं घेऊनच उडाले. व्याध खालून पळत सुटला. एका मुनीने त्याला विचारलं, आकाशातल्या पाखरांमागे जमिनीवरून काय धावतोस? तो म्हणाला, आत्ता दोघं एक आहेत म्हणून माझं जाळं नेतायत. भांडतील तेव्हा हातात येतील. आणि ते भांडतात, पडतात, सापडतात. भाऊबंदकीच्या दरबारात सांगायची गोष्ट ती हीच. फिल्मने हा धावणारा व्याध वगळला. चिमण्या फुर्र झाल्या आणि त्याचं काय झालं हे कुणी विचारलंच नाही, पोरांनीसुद्धा नाही. सात वर्षांच्या प्रेक्षकासाठी ते ठीकच आहे. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला तो जमिनीवरून पळणारा, घाई नसलेला व्याध जास्त ओळखीचा वाटतो.

आता गाण्याकडे. वसंत देसाई हे नाव घेतलं की आपण 'घनश्याम सुंदरा'पाशी जातो, आणि ते योग्यच आहे. पण या माणसाची दुसरी एक कमाई आहे. 'दो आँखें बारह हाथ' आणि 'गुड्डी' या दोन सिनेमांतल्या प्रार्थना भारतभरच्या शाळांनी इतक्या आपल्याशा केल्या की त्या सिनेमातल्या आहेत हेच विसरलं गेलं. कुडाळकडच्या सोनवड्यात जन्मलेला, प्रभातमध्ये घडलेला हा संगीतकार. त्याला एक गोष्ट साधलेली होती: अशी चाल बांधायची जी कसलेल्या गळ्यात खुलेल आणि चाळीस पोरांचा बेसूर वर्गही पेलू शकेल. 'एक अनेक'मध्ये बोलणं कुठे संपतं आणि गाणं कुठे सुरू होतं ते सापडत नाही. प्रश्न बोलीत येतो, उत्तर सुरात जातं, मधेच 'हाय राम' येतं आणि तेही लयीत. आवाज दाभोळच्या घाणेकरांच्या पाच-सहा वर्षांच्या मुलीचा. पुढे तिने हिंदी-मराठी-तमिळमध्ये जे गायलं ते गायलंच, पण इथे तिच्या आवाजात सराईतपणाचा मागमूस नाही आणि सूर मात्र जागच्या जागी. मोठ्या गायिकेने बाळबोध आवाज काढून गायलेली बालगीतं ऐकून ज्यांचे कान किटले असतील त्यांना हा फरक लगेच कळेल. ही फिल्म झाली आणि दुसऱ्याच वर्षी, डिसेंबर १९७५ मध्ये, लिफ्टच्या अपघातात वसंतराव गेले.

शेवटचं 'हिंद देश के निवासी' मला आता थोडं कमी आवडतं. लहानपणी तोच भाग सगळ्यात लाडका होता, कारण तो शाळेत बसवायचे. फुलं अनेक आणि माळ एक, नद्या अनेक आणि सागर एक. ऐकायला गोड. पण चिमण्या-उंदरांच्या गोष्टीनंतर हे ऐकलं की खटकतं. माळेतलं फूल खुडलेलं असतं आणि त्याच्यातून सुई गेलेली असते. सागराला मिळालेल्या कृष्णेचं पाणी कुठलं हे विचारायची सोय राहत नाही. गोष्टीतल्या चिमण्या मात्र सुटल्यावर परत आपापल्या फांदीवर जाऊ शकतात, उंदीर बिळात. मला ही दुसरी एकी जास्त पटते आणि गाण्यापेक्षा गोष्ट शहाणी वाटते.

तरी त्या गाण्यात एक जागा आहे. कोकिळा, पपीहा, बुलबुल, सगळ्यांचं गाणं निराळं, पण राग एक. हे लिहिणारे पंडित विनयचंद्र मौद्गल्य गवई होते. विष्णू दिगंबर पलुसकरांच्या परंपरेतले, दिल्लीत १९३९ साली गंधर्व महाविद्यालय त्यांनी उभं केलं. कुरुंदवाडच्या माणसाने लाहोरात १९०१ साली लावलेल्या रोपट्याची ही दिल्लीतली फांदी. गाणं शिकवणाऱ्याला रागाचा अर्थ वेगळा कळत असणार. राग एक असला तरी दोन गळ्यांत तो सारखा उतरत नाही, उतरला तर नक्कल म्हणतात. माळ आणि सागर त्यांनी लोकांसाठी लिहिले असतील. राग बहुधा स्वतःसाठी.

या सगळ्यात मी मुद्दाम मागे ठेवला तो भाग आंब्यांचा. तो गोष्ट आणि गाणं यांच्या मधे येतो आणि बहुतेकांच्या आठवणीतून पार गळून गेलेला असतो. माझ्याही होता. दीदीने तात्पर्य सांगून झालेलं असतं. एक झालो की बळ येतं, हिंमत येते. त्यावर पोरं काय विचारतात? आपण एक झालो तर मोठं काम करू शकतो का? हो, का नाही. मग या झाडाचे आंबेही तोडू शकतो?

या एका प्रश्नाला राष्ट्रीय पुरस्कार द्यायला हवा होता. मोठ्यांनी एखादं उदात्त तत्त्व सांगावं आणि मुलाने दुसऱ्याच क्षणी ते कैरीच्या कामाला जुंपावं, हे जगभरच्या मुलांचं खरं वागणं. आणि दीदी 'तसं नव्हे रे' म्हणत नाही. हो, तोडता येतील, पण युक्ती लढवावी लागेल, म्हणते. म्हणजे नुसतं एक होऊन भागत नाही, डोकं चालवायला लागतं, ही पुस्तीही जोडते. पोरं कामाला लागतात, आंबे हाती येतात, आणि मग, त्यानंतर, हिंद देश. ज्यांना आंबे काढता आले त्यांना देशाचं सांगायचं, हा क्रम मला फार शहाणा वाटतो. १९८८ च्या पंधरा ऑगस्टला दूरदर्शनवर एकात्मतेचं जे मोठं, देखणं, नामवंतांनी भरलेलं गाणं आलं, तेही आम्ही तोंडपाठ केलं. पण त्यात आम्ही प्रेक्षक होतो. इथे झाडाखाली होतो.

हे सगळं ताईला फोनवर सांगितलं. ती शांतपणे ऐकून घेते आणि शेवटी एकच काहीतरी बोलते, ही तिची जुनी सवय.

"आंबे कुणाचे होते गं?"

"म्हणजे?"

"झाड. झाड कुणाचं होतं? ती पोरं परवानगी कुठे घेतात?"

मी परत लावून पाहिलं. कुणीच घेत नाही. मालक दिसतही नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शैक्षणिक फिल्ममध्ये पोरं उघड उघड दुसऱ्याचे आंबे उतरवतायत आणि दीदी खाली उभी राहून युक्ती सांगतेय.

"अगं, तू नाही का देसायांच्या कुंपणापाशी उभी राहून मला वर चढवायचीस?" मी म्हटलं.

"मी राखण करायचे," ताई म्हणाली. "आणि निम्म्या कैऱ्या माझ्या असायच्या, हे विसरू नकोस."